दहा लाख तीन

दहा लाखावा इंपेलर साच्यातून निघाला
त्या शनिवारी हेरवाडे शेठनी पेढे वाटले.
फौंड्रीच्या दारात फोटो:
इंपेलरला झेंडूचा हार, मागं आम्ही बावीसजण,
नाकापर्यंत काळी वाळू.
"नाद खुळा!" कुणीतरी ओरडलं.
त्याच्यावर आकडा रंगानं लिहिला, पांढऱ्या.
पाडायला जागाच नव्हती.

नंबर पाडायचं काम माझं.
पंचांचा डबा, शून्य ते आठ.
नऊ नसतो, सहाच उलटा धरायचा.
कडेच्या पट्टीवर सहा आकडे मावतात, सातवा नाही.
"पुन्हा एकपासनं लाव की," मगदूम साहेब म्हणाले,
"कोण इचारतंय?"

पाच शून्यं आणि एक. पाच शून्यं आणि दोन.
पाच शून्यं आणि तीन.
हात चालत होता, डोकं मात्र खरा आकडा धरून बसलं.

दहा लाख म्हणजे मोठं खटलं.
सहा दोन, सहा पाच,
त्यांच्या पोटी एकोणपन्नास भाजक, सगळे एका पंगतीला.
दहा लाख एक साधा दिसतो. तसा नाही.
एकशे एकाचं पाकीट नऊ हजार नऊशे एकजणांना दिलं
की बरोब्बर संपतो, रुपया उरत नाही.
दहा लाख दोन सम. सोडला.
दहा लाख तीन.
अंकांची बेरीज चार, तिनाचा नाही.
शेवटी तीन, पाचाचा नाही.

साताला विचारलं. बाकी चार.
अकराला. चार.
तेराला. पुन्हा चार.
सदतिसाला पण चारच, जणू आधी ठरवून आलेत.
सतरा म्हणाला, बारा.
इथं मी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा गरम केला.

दस्तगीरमामा नग दोरीला टांगून हातोडी मारतात.
आत भेग असली तर आवाज थप्प येतो.
नसली तर खणखणतो,
गल्लीच्या टोकाला वेल्डिंगवाला मान वर करतो.
भागाकार म्हणजे तेच.
हजाराच्या आत हातोड्या एकशे अडुसष्ट,
पुढच्या लागत नाहीत,
फुटणाराच्या जोडीतला धाकटा अलीकडंच सापडतो.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
असे चार सोमवार गेले,
जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजू भरल्या.
एकोणपन्नासाव्या हातोडीला वाटलं फुटला.
फुटला नव्हता, हातचा एक मी विसरले होते.
शेवटची नऊशे सत्त्याण्णव.
बाकी बारा. सतराचीच बारा.
नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती,
मी उठले नाही.

मूळ.
कुणाच्याच पाढ्यात न येणारा.

मंगळवारी मामांना सांगितलं.
त्यांनी हातोडी खाली घेतली. "मग त्याचा भाव वाढतोय व्हय?"
"नाही."
"मग?"
"खणखणतो."
"असं म्हण की," म्हणाले, आणि पुढच्या नगावर मारली.

तोवर तो ट्रकमधून गेला होता.
शिरोळकडं कुठल्या तरी मळ्यात, पाण्याखाली,
काळोखात गरगरत असेल,
अंगावर पाच शून्यं आणि एक तीन.
तीनही मूळच.
मगदूम साहेबांनी नकळत
खोटं सांगायचं टाळलं होतं.

दिवाळीपर्यंत मी मागं मागं मोजत गेले.
त्याच्या आधीचा तसा
नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.
मधे एकोणीसजण, सगळे फुटणारे.
तो पण माझ्याच हातचा. शुक्रवारी, बहुतेक जेवणाच्या आधी.
सहाचा पंच चार वेळा उलटा धरून
मी ठोकला असणार,
आणि पुढच्यासाठी हात लांबवला असणार,
बघितलंसुद्धा नसणार.